मदत हवी आहे: भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, कमी चढणाऱ्या) भरतीतही वादळाचं पाणी घरात शिरतं का? (श्रीवर्धन तालुका, तौक्ते चक्रीवादळ)

नमस्कार मंडळी. आज १५ मे २०२१. मी पुण्यात, आई-बाबा श्रीवर्धन तालुक्यात गावी. समुद्र आणि आमचं घर यांच्यात फक्त दोन वाड्या, आणि अंगणाच्या कडेने खाडीला मिळणारा पऱ्या (ओहोळ). लॉकडाऊनमधल्या प्रवासाचा ई-पास अजून आलेला नाही, त्यामुळे जे काही करायचं ते फोनवरूनच.

तौक्ते किनाऱ्याला समांतर गुजरातकडे सरकणार असं हवामान खातं सांगतंय. मला आई-बाबांना वरच्या आळीतल्या शाळेत हलवायचंय. बाबा ऐकत नाहीत. "अगो, अमावास्या होऊन चार दिवस झाले. आता भांग लागेल. भांगाला पाणी चढत नाही." तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून त्यांनी भरतीची वेळही सांगितली: सोमवारी पंचमी, म्हणजे पावणेचारच्या सुमारास. भरतीपुरतं त्यांचं गणित चुकत नाही, हे मला माहीत आहे. पण वारा जे पाणी किनाऱ्यावर ढकलतो आणि कमी दाबामुळे जे फुगतं, ते तिथी बघून येत नाही ना?

निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी, ३ जून २०२० ला, रायगडसाठी भरतीच्या वर १ ते २ मीटर पाण्याचा इशारा होता. पौर्णिमा दोन दिवसांवर. पण वादळ दुपारी धडकलं तेव्हा भरती ओसरत होती, म्हणून आम्ही वाचलो असं मला वाटतं. तरीही पऱ्या उलटा वाहू लागला आणि पाणी मागल्या पडवीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं. आई पायरीवर खडूने रेघ मारत बसली होती, दर दहा मिनिटांनी एक. वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी मोडल्या ते वेगळंच. बाबांच्या लक्षात पोफळी राहिल्या, माझ्या त्या रेघा.

म्हणून मुख्य प्रश्न: ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं तेव्हा अष्टमी नुकतीच उलटली होती, म्हणजे भांगच. रेवदंडा, मुरुड, दिघी, हर्णै भागात त्या दिवशी पाणी कुठवर आलं, कोणी डोळ्यांनी पाहिलंय का? विशेषतः कोळीवाड्यातल्या मंडळींनी सांगावं. बाबा माझं ऐकणार नाहीत, पण होडीवाल्याचा शब्द मानतात.

आणखी दोन गोष्टी. विहिरीत खारं पाणी गेलं तर नुसता उपसा करून भागतं का, की पावसाळा जावा लागतो? पंप आजच वर काढून घ्यायला सांगितलाय. दुसरं, आईचं इन्सुलिन. गेल्या वर्षी महिनाभराहून जास्त वीज नव्हती, तेव्हा ती बाटली डब्यात घालून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची. मे महिन्याच्या उकाड्यात ते चालेल का? कोणी डॉक्टर असतील तर कृपया सांगा.

शाळेत गर्दी होईल आणि बाबांचा लसीचा दुसरा डोस बाकी आहे, ही भीती खरीच आहे. वरच्या आळीत ओळखीचं रिकामं घर मिळतंय का तेही बघतेय.

गेल्या वेळी फोन कित्येक दिवस बंद होते. आज रात्री नऊला बाबांशी पुन्हा बोलणार आहे. फयानबद्दल काही आठवत असेल तर त्याआधी लिहा, मी त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवेन.