डरहॅमची हेटी वस्ती जळाली की पाडली गेली?

वखारकर, निपाणी
आमच्या घरी तीन पिढ्या तंबाखूची वखार होती, त्यामुळे अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यातले डरहॅम हे तंबाखूचे शहर वाचताना मला परके वाटले नाही. तेथे कृष्णवर्णीयांची हेटी नावाची भरभराटीची वस्ती होती आणि ती नामशेष झाली, एवढे समजले. डरहॅमच्या बाजारपेठेला ‘ब्लॅक वॉल स्ट्रीट’ म्हणत. पण १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने जाळलेल्या टल्सा शहरातील ग्रीनवूड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीलाही तेच नाव आहे. मग हेटीही जाळली गेली का? आणि तंबाखूत मजुरी करणाऱ्यांनी भांडवल आणले कोठून? पदर नाकातोंडाला बांधून आमच्याकडे तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या हाती कधी काही शिल्लक राहिलेले मी पाहिले नाही, म्हणून हा दुसरा प्रश्न मला अधिक छळतो.

जुना पिग्मीवाला, बेळगाव
वखारकर, डरहॅममध्ये ‘ब्लॅक वॉल स्ट्रीट’ म्हणत ते पॅरिश स्ट्रीटला. हेटी त्याहून वेगळी: यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्यांनी वसवलेली, हैती या कृष्णवर्णीयांच्या प्रजासत्ताकाचे नाव घेतलेली वस्ती.

भांडवल आले ते विम्यातून. गोऱ्या कंपन्या कृष्णवर्णीयांना एक तर विमा नाकारत किंवा त्याच हप्त्यात कमी रक्कम देत. १८९८ मध्ये सात जणांनी नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल काढली. त्यांतले जॉन मेरिक गुलामगिरीत जन्मलेले, व्यवसायाने न्हावी, आणि तंबाखूसम्राट ड्यूक घराण्यातली माणसे त्यांची गिऱ्हाइके. डॉ. एरन मूर हे शहरातले पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर. दोनच वर्षांत सातांपैकी हे दोघेच टिकले, आणि रोजचा कारभार चार्ल्स स्पॉल्डिंग यांनी हाती घेतला. पहिला चाळीस डॉलरचा मृत्युदावा आला तेव्हा तिजोरीत पैसे नव्हते, तो चालकांनी पदरमोड करून भागवला आणि त्याची पावती पुढे दारोदार दाखवली, असे सांगितले जाते. दर आठवड्याला काही सेंटांचा हप्ता घरी येऊन गोळा करणारा एजंट म्हणजे आपला पिग्मीवालाच. १९०७ मध्ये मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक निघाली, आणि ज्यांना गोऱ्या बँका उभे करत नव्हत्या त्यांना घर-दुकानासाठी कर्ज मिळू लागले.

तुमच्या शेवटच्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. मी वीस वर्षे पिग्मी गोळा केली आहे, आणि सर्वांत नियमित खाती बिडी वळणाऱ्या बायकांचीच असत.

सुनंदा, संकेश्वर
पहिल्या प्रश्नाचे उत्तर: हेटी जाळली नाही, ती कायद्याने पाडली. १९५८ मध्ये शहरात पुनर्विकास मंडळ स्थापन झाले. १९६२ मध्ये त्यासाठीच्या कर्जरोख्यांवर मतदान झाले तेव्हा कृष्णवर्णीय नेत्यांनीही पाठिंबा दिला होता, कारण मोडकळीस आलेल्या भाड्याच्या घरांच्या जागी नवी घरे आणि दुकाने देण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात वस्तीतून डरहॅम फ्रीवे हा महामार्ग गेला. ४,००० हून अधिक कुटुंबे आणि सुमारे ५०० व्यवसाय हलवले गेले, आणि आश्वासनातले फारच थोडे उभे राहिले. काही दुकानदारांना तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवले, त्या जागेला लोक ‘टिन सिटी’ म्हणू लागले.

हे वाचून मला आमचे दुकान आठवले. रस्ता रुंद झाला तेव्हा जागेची भरपाई मालकाला मिळाली. आम्ही भाडेकरू, आम्हाला मिळाली ती रिकामी करण्याची नोटीस. शिवाय शेजारची पन्नास घरे उठल्यावर पलीकडे नवे दुकान थाटूनही वह्या-पेन्सिली घ्यायला येणारी मुले उरली नव्हती. दुकानाची किंमत मोजताना ही मुले कोणी मोजत नाही, आणि हेटीतही नेमके हेच बुडाले असे मला वाटते.

जुना पिग्मीवाला, बेळगाव
सुनंदाताई, म्हणूनच विमा कंपनी त्या वेळी तगली. तिचे विमेदार अनेक राज्यांत पसरलेले होते. हेटीतल्या न्हाव्याचे गिऱ्हाईक त्याच गल्लीतले होते. सेंट जोसेफ चर्चची जुनी विटांची इमारत मात्र वाचली, आज तेथे हेटीचे वारसा केंद्र आहे.

वखारकर, निपाणी
दोघांचेही मनापासून आभार. काल आईला विचारले. वखारीतल्या बायकांची भिशी होती, आणि तिचा हिशेब आईच ठेवत असे. वही अजून माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. पहिल्या पानावर एकवीस नावे आहेत, आणि प्रत्येकीपुढे आठवड्याला दोन रुपये.