पातळ करून गुणायचं, पण दर वेळी नाही

द्रावणात रंग किती हे स्पेक्ट्रोफोटोमीटरने, म्हणजे द्रावणातून किती प्रकाश पलीकडे जातो ते मोजणाऱ्या यंत्राने काढताना, 'अॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला याचा आकडा) २ च्या वर गेला की द्रावण पातळ करा आणि त्या पटीने गुणा', हा सल्ला बव्हंशी पटतो. २ म्हणजे शंभरातला एकच भाग प्रकाश पलीकडे पोचतो, ३ म्हणजे हजारातला एक. यंत्रात तेवढाच, ०.१ टक्का भरकटलेला प्रकाश (द्रावणाने न अडता मोजला जाणारा नको तो प्रकाश) असेल तर खरे ३ हे २.७ दिसतात. पण सगळं खापर यंत्रावर फोडू नका. इथे बडोद्यात नंदेसरीकडच्या रंगांच्या कारखान्यांशी संबंध येणाऱ्यांना हे पटेल: काही रंग दाट द्रावणात स्वतःच बदलतात.

मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचंच घ्या. त्याचं मुख्य शिखर, म्हणजे तो सर्वांत जास्त प्रकाश शोषतो ती तरंगलांबी, ६६४ नॅनोमीटरला. द्रावण दाट झालं की रेणू जोडीने चिकटतात आणि ६१० च्या आसपासचा खांदा (शिखराशेजारचा उंचवटा) वर येतो. मग ६६४ वरची रेघ (रंगाचं प्रमाण आणि अॅब्सॉर्बन्स यांच्या आलेखाची, एरवी सरळ) वाकणारच, यंत्र कितीही महागाचं असो! पातळ केलं की जोड्या सुटतात, म्हणजे मूळ द्रावण तुम्ही मोजलंच नाही. त्यापेक्षा १ मिलिमीटरची क्युवेट (द्रावण ठेवायचं छोटं पारदर्शक पात्र) वापरा. द्रावण तेच, फक्त प्रकाशाची वाट नेहमीपेक्षा दहापट आखूड. तरीही रेघ वाकली तर दोष द्रावणात. एकूण रंग किती एवढंच हवं असेल तर खुशाल पातळ करा.

आणि हो, हा रंग काचेलाही चिकटतो. पाण्याने विसळूनही कडांना निळसर झाक राहते, ती अल्कोहोलने काढा, नाहीतर पुढचा ब्लँक (रंगाविना घेतलेलं शून्याचं माप) गेलाच म्हणून समजा.