शब्दचर्चा : ‘तालरोधक’ औषध आणि ‘संरक्षण’

प्रश्न : हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडून ठोके अनियमित होतात, तेव्हा दिल्या जाणाऱ्या औषधांसाठी ‘तालरोधक’ हा शब्द वाचनात आला. तो योग्य आहे का? अशा औषधाने मिळणारे ‘संरक्षण’ म्हणजे नेमके काय समजावे?

उत्तर : ‘तालरोधक’ टाळावा. त्याचा विग्रह ‘ताल रोखणारे’ असा होतो, आणि औषधाकडून अपेक्षा नेमकी उलट असते. ‘तालविकाररोधक’ लांबलचक असला तरी अर्थाला धरून आहे. याच संदर्भात अपुऱ्या रक्तपुरवठ्यासाठी ‘रक्ताल्पता’ लिहिणेही धोक्याचे, कारण वाचक त्याचा अर्थ ॲनिमिया असा घेतो. इथे शरीरात रक्त पुरेसे असूनही ते अडलेल्या धमनीच्या पलीकडे पोचत नाही.

‘संरक्षण’ या शब्दाबाबत मात्र अधिक काटेकोर राहायला हवे. धमनी अडली की काही मिनिटांतच त्या भागातील पेशींमधले पोटॅशियम बाहेर साचू लागते, विद्युत्-लहर तिथे रेंगाळते आणि उशिरा बाहेर पडून शेजारच्या सावरलेल्या स्नायूत पुन्हा शिरते. हे चक्र फिरत राहून विस्कटले, तर जवनिका (हृदयाचा खालचा कप्पा) आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरते आणि रक्ताभिसरण थांबते. या थरथरीपासून माणसाचा जीव वाचवणे म्हणजे संरक्षण. ईसीजीवरचे जादा ठोके नाहीसे करणे हे केवळ ‘दमन’ होय.

हा भेद शाब्दिक नाही, हे ‘कास्ट’ (CAST) या तालविकाररोधक औषधांच्या चाचणीने दाखवून दिले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि एनकेनाइड किंवा फ्लेकेनाइडने ज्यांचे जादा ठोके खरोखर दबले होते अशा रुग्णांपैकी ७३० जणांना ती औषधे आणि ७२५ जणांना औषधविरहित गोळी दिली गेली. १९८९ च्या प्राथमिक अहवालानुसार पहिल्या गटात ५६ आणि दुसऱ्यात २२ मृत्यू झाले होते. ही औषधे सोडियमचे मार्ग अडवून विद्युत्-वहन मंदावतात, आणि रक्त कमी पडलेल्या स्नायूत ते आधीच मंद असल्याने लहर फिरत राहायला उलट वाव मिळतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. दमन साधले होते, पण संरक्षण मिळाले नव्हते. म्हणूनच या दोन शब्दांची सरमिसळ मला अक्षम्य वाटते.

पुरवणी : वरील विवेचनाशी मी सहमत आहे. बीटा-ब्लॉकर (हृदयावरील ॲड्रेनॅलिनचा परिणाम रोखणाऱ्या औषधांच्या) गटासाठी ‘संरक्षण’ निःशंकपणे वापरता येईल, कारण नॉर्वेतील टिमोलॉलच्या (१९८१) आणि अमेरिकेतील प्रोप्रॅनोलॉलच्या (१९८२) चाचणीत झटक्यानंतरचे मृत्यू, त्यांतही अचानक येणारे मृत्यू, घटले. अमिओडॅरोन या दुसऱ्या तालविकाररोधक औषधाबाबत मात्र आपण विशेषण जोडावे. १९९७ च्या युरोपीय आणि कॅनेडियन चाचण्यांत त्याने तालविकाराने होणारे मृत्यू कमी केले, परंतु एकूण मृत्युसंख्येत लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हा तिथे ‘तालविकारजन्य मृत्यूपासून संरक्षण’ एवढेच लिहावे.