व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू टाकताना 'कंटिन्यू'चं बटणच दिसत नाही – सल्ला हवा

पंचगंगाकाठी:

नमस्कार मंडळी,

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट रोबोटिक्सचा. सरांनी रॉस २ हंबल (रोबोटसाठीची सॉफ्टवेअर-प्रणाली) वापरायला सांगितलंय आणि त्याला लिनक्समधलं उबंटू २२.०४ च लागतं. लॅपटॉप घरातला, भावाचंही काम त्याच्यावरच चालतं, त्यामुळे विंडोज ११ ला हात लावायचा नाही अशी ताकीद आहे. म्हणून विंडोजच्या आतच दुसरा आभासी संगणक (व्हीएम) चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स ७ घेतलं. एकूण रॅम १६ जीबी, त्यातली ६ दिली, ४ कोर दिले, डिस्क ४० जीबी. 'स्किप अनअटेंडेड'ला खूण करून सगळं हातानंच करतेय.

घोडं अडलंय ते पडद्यापाशी. आतला पडदा ८००×६०० चा येतो. कीबोर्ड निवडायच्या पानावर आलं की खाली जिथे 'क्विट', 'बॅक', 'कंटिन्यू' असतात, तिथे बटणांची नखाएवढी वरची कड दिसते. बाकी सगळं पडद्याखाली. खिडकी मोठी करून पाहिली, तर भोवती नुसती काळी पट्टी वाढते, आतलं चित्र तेवढंच राहतं. मग अंदाजाने टॅब मारत गेले आणि एंटर दाबलं. 'खरंच बाहेर पडायचं का?' असा प्रश्न आला. म्हणजे नेमकं क्विट लागलं होतं!

पुढे कसं जायचं? सेटिंग कोणतं बदलू? की व्हर्च्युअलबॉक्स सोडून दुसरं काही घेऊ?

खटपट्या:

मित्रा, सोपं आहे. कीबोर्डवरची विंडोजची की दाबून धर आणि इन्स्टॉलरच्या खिडकीत कुठेही माऊसने पकडून वर ओढ. शीर्षकाची पट्टी पडद्याबाहेर गेली तरी जाऊ दे, बटणं वर येतील. नाहीच जमलं तर ऑल्ट आणि एफ७ दाब, मग बटण न दाबता नुसता माऊस हलव, खिडकी त्याच्यामागे येते. जागेवर आली की एक क्लिक. तुझ्या लॅपटॉपवर एफ७ ने आवाज किंवा उजेड बदलत असेल तर सोबत एफएन दाबावं लागेल.

त्याहून सरळ रस्ता म्हणजे सुरुवातीला 'इन्स्टॉल' न निवडता 'ट्राय उबंटू' निवडायचं. डेस्कटॉप आला की सेटिंग्जमध्ये डिस्प्लेज उघड आणि १२८०×८०० कर. तिथलं 'अप्लाय'चं बटण वरच्या पट्टीत असतं, त्यामुळे ते कापलं जात नाही. मग २० सेकंदांत 'कीप चेंजेस' म्हणायचं, नाहीतर पहिलं माप परत येतं. हे झालं की डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून इन्स्टॉलर सुरू कर.

कावळा_डाव:

हे ओढाओढीचे खेळ कशाला? सेटिंग्जमध्ये व्हिडिओ मेमरी १२८ एमबी कर, ३डी अ‍ॅक्सिलरेशनला खूण कर. चालू होताना ग्रबचा (उबंटू सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आला की 'ई' दाब, 'लिनक्स'ने सुरू होणारी ओळ शोध, तिच्या शेवटी नोमोडसेट लिही आणि कंट्रोल-एक्स. मी दरवेळी हेच करतो. हाकानाका (हाय काय अन् नाय काय).

नीरा_उजवा_कालवा:

मुळात व्हीएम हवीच का, हा माझा प्रश्न. विंडोज ११ आहे ना? मग डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घ्या, त्यात उबंटू २२.०४ मिळतं आणि लिनक्समधल्या खिडक्या थेट विंडोजच्या डेस्कटॉपवर उघडतात. पडद्याच्या मापाचा प्रश्नच उरत नाही.

व्हीएमच पाहिजे असेल तर व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो पाहा. मे २०२४ पासून ते घरगुती वापराला फुकट झालं आणि नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांनाच. उतरवण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर खातं उघडावं लागतं, तेवढा त्रास सोसायचा.

पंचगंगाकाठी:

सगळ्यांचे आभार. @खटपट्या दादा, मित्र नाही, मैत्रीण :) 'करतेय' लिहिलं होतं की मी!

@नीरा_उजवा_कालवा, डब्ल्यूएसएलचा विचार केला होता. पण आम्हाला यूएसबीवर लिडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) जोडायचाय आणि डब्ल्यूएसएलमध्ये यूएसबी आणायला वेगळं साधन बसवावं लागतं. शिवाय गटातल्या तिघांकडे व्हर्च्युअलबॉक्सच आहे, एकीचं अडलं तर दुसरीला विचारता येतं.

सेटिंग बदलायला गेले तर ग्राफिक्सचं पान राखाडी आहे, काहीच हलत नाही. हे काय आता?

खटपट्या:

अगं माफ कर, घाईत वाचलं. खिडकी बंद करताना 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडलं असशील. मशीन तसं झोपलेलं असताना बहुतेक सेटिंगं कुलूपबंद असतात. चालू करून नीट 'पॉवर ऑफ' कर, मग पान उघडेल.

पंचगंगाकाठी:

हो, तेच झालं होतं.

आता पुढचं पुराण. कावळा_डाव यांनी सांगितलं तसं सगळं एकदम केलं. ३डी चालू केल्यावर लोगो आला आणि मग काळा पडदा, त्यात फक्त माऊसचा बाण. दहा मिनिटं वाट पाहिली. ३डीची खूण काढली, नोमोडसेट लिहिलं, मग इन्स्टॉलर आला. विंडोज की धरून खिडकी वर ओढली (हे भारी आहे!) आणि इन्स्टॉल एकदाचं पूर्ण झालं.

नंतर एका व्हिडिओत बघून 'डिव्हायसेस' मेनूतून गेस्ट अ‍ॅडिशन्सची सीडी (व्हर्च्युअलबॉक्सचे आत बसवायचे मदतनीस प्रोग्राम) घातली, तीही बसली, रीस्टार्ट केलं. तरी पडदा ८००×६०० चाच. सेटिंग्जच्या डिस्प्लेजमध्ये मापाच्या यादीत तेवढं एकच माप आहे. 'व्ह्यू'मधल्या 'ऑटो-रिसाइझ'ला खूण आहे आणि उपयोग शून्य. गेस्ट अ‍ॅडिशन्स दोनदा बसवून झाली. कालची पूर्ण रात्र यात गेली, आता रडू यायचं बाकी आहे.

कावळा_डाव:

ग्राफिक्सचा कंट्रोलर (व्हीएमचं आभासी ग्राफिक्स कार्ड) बदला, व्हीबॉक्सएसव्हीजीए करून पाहा. नाहीतर उबंटू परत टाका.

रात्रपाळी:

थांबा थांबा. परत टाकू नकोस आणि कंट्रोलरलाही हात लावू नकोस. लिनक्ससाठी व्हीएमएसव्हीजीए हाच ठरलेला कंट्रोलर आहे. दुसरा निवडलास तर सेटिंग्जच्या खिडकीत खाली इशारा येतो, तो उगाच येत नाही. व्हीबॉक्सएसव्हीजीए विंडोज ७ आणि पुढच्यांसाठी, व्हीबॉक्सव्हीजीए त्याच्याही आधीच्या जुन्या मंडळींसाठी.

आधी एक काम कर. टर्मिनल उघड आणि 'कॅट', मग एक जागा सोडून 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'सीएमडीलाइन' फाइलचा पूर्ण पत्ता लिही. (इथे देवनागरीत लिहितेय, तिथे अर्थातच रोमन.) जी ओळ छापून येईल तिच्यात नोमोडसेट हा शब्द आहे का, तेवढं सांग. माझा संशय तिथेच आहे.

पंचगंगाकाठी:

आहे!! पण ताई, तो तर मी इन्स्टॉल करताना फक्त एकदाच लिहिला होता. सीडी पण काढली मी.

रात्रपाळी:

हेच ते. ग्रबमध्ये 'ई' दाबल्यावर जी ओळ दिसली होती, तिच्या शेवटी तीन आडव्या रेघा होत्या ना? त्या शोभेच्या नसतात. रेघांच्या अलीकडे लिहिलेलं त्या फेरीपुरतं असतं. पलीकडे लिहिलेलं इन्स्टॉलर उचलतो आणि बसवलेल्या उबंटूच्या ग्रबमध्येही नेऊन ठेवतो. तू ओळीच्या अगदी शेवटी लिहिलंस, म्हणजे रेघांच्या पलीकडे. त्यामुळे आता दरवेळी चालू होताना ते लागू होतंय.

आणि नोमोडसेट करतं काय, तर कर्नलला सांगतं की ग्राफिक्सचे ड्रायव्हर चढवू नकोस, फर्मवेअरने जो पडदा दिलाय त्यावरच भागव. खऱ्या लॅपटॉपवर एखाद्या ग्राफिक्स कार्डाशी जमत नसेल तेव्हा तो शब्द जीव वाचवतो. पण तुझ्या केसमध्ये पडद्याचं माप बदलणारा ड्रायव्हरच त्याने दाराबाहेर उभा केलाय. मग गेस्ट अ‍ॅडिशन्स दोनदा बसव नाहीतर वीसदा, ती सांगणार कोणाला?

थोडं सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वेळी अंदाजाने बटणं दाबावी लागणार नाहीत. खरा मॉनिटर केबलमधून स्वतःच सांगतो की मी अमुक मापाचा. व्हीएमचा मॉनिटर म्हणजे विंडोजमधली एक खिडकी, तिचं माप तू ओढशील तसं बदलणार. ते आतल्या उबंटूला कोणीतरी कळवायला लागतं. ते काम ड्रायव्हर आणि गेस्ट अ‍ॅडिशन्स मिळून करतात. ते दोघं कामाला लागेपर्यंत ८००×६०० म्हणजे अंगाचं माप न घेता शिवलेला सदरा. त्यामुळे इन्स्टॉल करताना पडदा लहान असणं हा बिघाड नाहीच. तेवढा वेळ खटपट्यांनी सांगितलं तसं खिडकी ओढून निभवायचं.

आता उपाय. 'ईटीसी' फोल्डरात 'डिफॉल्ट', त्यात 'ग्रब' नावाची फाइल आहे. सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून ती नॅनो या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये उघड. नोमोडसेट ज्या ओळीत दिसेल तिथून फक्त तेवढा शब्द खोड, दोन्ही बाजूंची अवतरणचिन्हं राहू दे. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग सुडो अपडेट-ग्रब. ही पायरी लोक विसरतात आणि मग काहीच बदललं नाही म्हणून परत येतात. शेवटी रीस्टार्ट.

खटपट्या:

रात्रपाळीताईंना दंडवत. तीन रेघांचं मलाही माहीत नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कावळा_डाव:

चूक कबूल. मी रेघांच्या अलीकडे लिहितो, ते सांगायचं राहिलं. आणि खरं सांगायचं तर का लिहितो ते मलाही आज कळलं.

पंचगंगाकाठी:

झालंऽऽ! रीस्टार्ट केल्यावर लॉगिनचा पडदाच पूर्ण खिडकीभर आला. कोपरा धरून खिडकी ताणली की डेस्कटॉप क्षणभर थांबतो आणि मागोमाग ताणला जातो. पाच मिनिटं नुसती तेवढंच करत बसले होते. आई म्हणाली, हेच करायला रात्रभर जागलीस का?

आता दोन शंका. ३डी परत चालू करू का? आरव्हिझ (रोबोटची माहिती चित्रात दाखवणारं) आणि गॅझेबो (रोबोटचं सिम्युलेशन करणारं) दोन्ही लागणार आहेत. आणि व्हिडिओ मेमरी १२८ ठेवू की कमी करू?

रात्रपाळी:

मेमरीचा हिशेब कर. १९२०×१०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. दर ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे ८२,९४,४०० बाइट, साधारण ८ एमबी. नुसत्या डेस्कटॉपला १६ एमबीतही भागतं. ३डी किंवा दोन पडदे वापरायचे असतील तर जास्त लागते. तू १२८ दिली आहेस ती राहू दे, १६ जीबीच्या लॅपटॉपला त्याने काही फरक पडत नाही. काळा पडदा मेमरीमुळे आला नव्हता, ३डीची खूण काढल्यावर तो गेला हे तू स्वतःच पाहिलंस.

३डी सध्या बंदच ठेव. बंद असताना चित्र काढायचं काम प्रोसेसर करतो. आरव्हिझ चालतं, जरा जड वाटतं. गॅझेबो जास्त रखडेल, तिथे तू दिलेले ४ कोर कामी येतील. सहनच होईना तर ३डी चालू करून बघ, पण एकावेळी तेवढं एकच बदल. बाकी डेस्कटॉप ठीक चालला आणि फक्त आरव्हिझ कोसळलं, तर त्या टर्मिनलमध्ये 'लिबजीएल ऑलवेज सॉफ्टवेअर' या व्हेरिएबलची किंमत १ करून मग आरव्हिझ सुरू कर. सगळी अक्षरं कॅपिटल, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर. म्हणजे तेवढ्या प्रोग्रामपुरतं चित्र परत प्रोसेसर काढेल.

अजून एक. लॉगिनला स्वतःच्या नावावर क्लिक केलंस की खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक येतं. त्यात 'उबंटू ऑन झॉर्ग' असा पर्याय असतो. कधी खिडक्या लुकलुकल्या किंवा चित्र अडकलं तर तो निवडून पाहा. चाक नावावर क्लिक करण्याआधी दिसत नाही, म्हणून पुष्कळांना ते सापडतच नाही.

नीरा_उजवा_कालवा:

व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसतंय का बघा. ते रॉसच्या चिन्हातलं कासव नव्हे! ते दिसलं तर समजा की विंडोजचं हायपर-व्ही (व्हीएम चालवायची त्याची स्वतःची सोय) चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या पाठीवर बसून जावं लागतंय. सगळंच संथ होतं.

पंचगंगाकाठी:

आहे! मला वाटलं होतं रॉसमुळे आलं असेल :D

नीरा_उजवा_कालवा:

'विंडोज फीचर्स'मध्ये हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म बंद करावं लागेल, शिवाय विंडोज सिक्युरिटीतलं 'मेमरी इंटिग्रिटी'. पण भावाला विचारून करा. तो डब्ल्यूएसएल किंवा डॉकर वापरत असेल तर त्याचं बंद पडेल. आणि मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, नुसतं संथ वाटतं म्हणून मी तरी ती काढणार नाही.

पंचगंगाकाठी:

भाऊ डॉकर वापरतो. कासव राहू दे मग.

रात्रपाळी:

चालेल तसंही. आता मशीन बंद करून एक स्नॅपशॉट (मशीनची आहे तशी जतन केलेली स्थिती) घेऊन ठेव, रॉस बसवायच्या आधी.

पंचगंगाकाठी:

घेतला ताई. नाव दिलंय 'हात लावू नये'.