शब्दचर्चा : गाणं ‘लिहिलं’ की ‘केलं’? आणि रॉकवाल्यांचा ‘वारसा’

कुडाळकर :
मंडळी, कुडाळात आम्ही काही जण पोरांना गिटार शिकवतो. शनिवारी रात्री जुन्या रॉक वादकांच्या मुलाखती एकत्र बसून बघायच्या असं ठरलंय. पोरांच्या आईवडिलांनाही कळावं म्हणून पडद्यावर मराठी ओळी द्यायच्या आहेत आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. ही सगळी माणसं आता ऐंशीच्या पलीकडची. रोलिंग स्टोन्स बँडचे मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स दोघेही १९४३ चे, बीटल्सचा पॉल मॅकार्टनी १९४२ चा, स्वतःची गाणी रचून गाणारा बॉब डिलन १९४१ चा. त्यांना दोन प्रश्न हमखास विचारले जातात : अमुक गाणं कसं सुचलं, आणि तुमची ‘लेगसी’ काय. मी दोन्हीकडे अडतोय. ते सरसकट ‘गाणं लिहिलं’ म्हणतात, पण मराठीत लिहिलं म्हटलं की नुसते शब्दच लिहिल्यासारखं वाटतं. ‘लेगसी’ला ‘वारसा’ लिहिलं, तर आमचे बाबा म्हणाले, “ह्याचा कसला वारस तपास चाललाय?” सुचवा काहीतरी.

रत्नांग्रीकर :
बाबा बरोबर बोलले! आपल्याकडे ‘वारसा’ म्हटलं की आधी तलाठी आठवतो. सामाईक सातबारा, त्यावर पणजोबांपासूनची नावं, मुंबईची अर्धी, पुण्याची पाव, आणि मधल्या कलमाच्या आंब्यावरून भांडण. ‘वारस’ हा अरबीतून आलेला शब्द, मुळातच हक्काचा, कज्जेदलालीचा. ‘सांस्कृतिक वारसा’ वगैरे त्याला नंतर चिकटलेलं.

पण म्हणून तो टाकू नका. या लोकांच्या बाबतीत हिशेबाचा भाग खराच आहे. डिलनने २०२० च्या डिसेंबरात आपल्या सहाशेहून अधिक गाण्यांचे लेखनहक्क युनिव्हर्सल या संगीत कंपनीला विकले. पुढच्याच वर्षी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने आपला सगळा संग्रह सोनीला दिला, रक्कम पन्नास कोटी डॉलरच्या आसपास असल्याचं छापून आलं. असा विषय निघेल तिथे खुशाल ‘वारसा’ लिहा, चपखल बसेल. आपल्या हयातीत फेरफार करून मोकळं होणं हे इकडे किती जणांना जमलंय?

दापोलीकर :
‘ठेवा’ कसा वाटतो? ‘अमोल ठेवा’, ‘सुरांचा ठेवा’. किंवा ‘वसा’?

रत्नांग्रीकर :
‘वसा’ नको. वसा घेतात, उतत नाहीत, मातत नाहीत, टाकत नाहीत. तो घेणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. ऐंशी वर्षांचा गिटारवाला ‘माझा वसा असा असा’ म्हणाला, तर त्याने कुठलं व्रत धरलं होतं असा अर्थ होईल. (रिचर्ड्सच्या बाबतीत तर विनोदच.) ‘ठेवा’ आकाशवाणीच्या निवेदनासारखा वाटतो, शिवाय ठेवा म्हणजे ठेवलेली वस्तू. पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिल्मरने २०१९ साली न्यूयॉर्कला सव्वाशेच्या आसपास गिटारी लिलावात काढल्या, त्याला त्यांचे २ कोटी १५ लाख डॉलर मिळाले, ते त्याने हवामानाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेला दिले. ज्या गिटारी गेल्या तो ठेवा. गिल्मरचं वाजवणं हा ठेवा नव्हे.

वेंगुर्ल्याचा पेटीवाला :
‘लिहिलं’बद्दल मला बरंच म्हणायचंय, जरा सहन करा.

मराठीत चालीबरोबर येणारी क्रियापदं एकमेकांच्या जागी बसत नाहीत. चाल ‘सुचते’, ती वाऱ्यावर. ‘बांधतो’ म्हणजे मुद्दाम रचतो. ‘लावतो’ म्हणजे शब्द आधी तयार आहेत आणि त्यांना सूर देतोय. आपली भावगीतं बहुतेक अशीच : कविता आधी, संगीतकार तिला चाल लावतो. ‘बसवतो’ म्हणजे ती चाल पाच-सात जणांच्या गळ्यात आणि हातात उतरवतो, पखवाजवाला, झांजवाला, मागचे कोरसवाले. ‘उचलतो’ म्हणजे दुसऱ्याची घेतो. ‘मोडतो’ म्हणजे ठरलेली चाल सोडून भलतीकडे जातो.

आता रॉकमध्ये काय होतं ते पाहा. स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ची गोष्ट रिचर्ड्सने २०१० च्या आत्मकथनात सांगितली आहे. रात्री झोपेत गिटारची ओळ सुचली, उशाशी कॅसेट रेकॉर्डर होता, अर्धवट जागेपणी त्यावर वाजवून ठेवली. सकाळी टेप लावली तर आधी ती ओळ, आणि मग चाळीस मिनिटं घोरणं! ही १९६५ ची गोष्ट. शब्द नंतरचे, बहुतेक जॅगरचे. वर गंमत अशी की ती ओळ पुढे पितळी वाद्यांनी वाजवायची, गिटारचा तो खरखरीत आवाज नुसता खुणेपुरता, असं रिचर्ड्सच्या मनात होतं. खूणच राहिली, पितळी वाद्यं आलीच नाहीत. मॅकार्टनीची ‘यस्टर्डे’सुद्धा स्वप्नातलीच. खरे शब्द सुचेपर्यंत तो तिथे अंड्याच्या भुर्जीवरचे शब्द म्हणायचा, आणि ही चाल मी कुठून उचलली तर नाही ना, असं भेटेल त्याला विचारत सुटला होता.

म्हणजे या दोन्ही गाण्यांना ‘चाल लावली’ म्हणणं चूक, लावायला शब्दच नव्हते. ‘लिहिलं’ही चूक. आपले संगीतकार बोलताना काय म्हणतात? ‘ते गाणं मी केलं तेव्हा…’ हेच लिहा. ‘केलं’मध्ये चाल, शब्द, वाद्यं सगळं मावतं. आणि एक सांगतो, आमच्या डबलबारीतली (दोन भजनीबुवांच्या सामन्यातली) पद्धत रॉकच्या जास्त जवळची आहे. बुवाच्या डोक्यात चाल आधी घोळते, बऱ्याचदा सिनेमाच्या गाण्यावरून घेतलेली, आणि गजराचे शब्द त्या चालीवर मागाहून बसतात. समोरच्या बुवाने कालच ती चाल वापरली असेल तर ऐन बारीत दुसरी काढावी लागते, ते वेगळं.

कुडाळकर :
‘केलं’ पसंत. “ते गाणं आम्ही दहा मिनिटांत केलं” हे कानाला खटकत नाही. पण पेटीवाले काका, ‘मोडतो’ म्हणालात ते वाईट अर्थाने ना?

वेंगुर्ल्याचा पेटीवाला :
नेहमीच नाही. नवशिक्याने मोडली तर बिघडवली. जाणत्याने मोडली तर लोक सरसावून बसतात. डिलन १९८८ च्या जूनपासून गावोगाव कार्यक्रम करत फिरतोय आणि स्वतःचीच जुनी गाणी तो इतकी मोडून गातो, की शब्द कानावर पडेपर्यंत कुठलं गाणं चाललंय ते समजत नाही. कित्येक जण चिडून घरी जातात म्हणे. २०१६ साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं, त्या नोबेलच्या व्याख्यानात त्याने हेच सांगितलं, गाणी वाचायची नसतात, गायची असतात. अशा माणसाची लेगसी तुम्ही ‘ठेवा’ शब्दात कशी कोंबणार? तो स्वतःच काही जागच्या जागी ठेवू देत नाही.

मालवणकर :
मी मालवणीतच सांगतंय. आमच्याकडे बुवा म्हातारो झालो तरी तेका कोणच इचारीत नाय ‘तुमचो वारसो काय’. इचारतत, ‘बुवा, तुमची ती चाल आता कोण म्हणता?’ मगे बुवा नावां घेता, ह्यो अमक्या वाडीतलो, तो तमक्याचो झील. एकादो मुंबैक गेलो आसलो तर बुवा तेका शिव्यो घालता. झाली तुमची लेगसी.

रत्नांग्रीकर :
मालवणकरांनी मुद्द्यावर आणलं. आमच्याकडे शाहिरांच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यातही तसंच, गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं आणि गुरूचं नाव गुंफतो. कोणाकडून आलं ते गाण्यातच नोंदवलेलं असतं. स्टोन्सवाल्यांनीही १९६२ मध्ये बँड काढताना नाव घेतलं ते ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या गाण्यावरूनच.

आणि रिचर्ड्सने तर बोलून दाखवलंय, की वादकाच्या थडग्यावर एवढंच असावं : त्याने ते पुढे दिलं. यात वारसा नाही, ठेवा नाही, नुसतं क्रियापद आहे. कुडाळकर, तुम्ही नाम शोधताय म्हणून अडताय. ‘पुढे देणं’, ‘चालवणं’. गादी चालवतात, दुकान चालवतात, चाल चालवतात. ‘चाल’ म्हणजे गाण्याची, आणि ‘आमच्या घरात ही चाल नाही’ म्हणतो तेव्हा रीतही तीच. इतका सोयीचा शब्द घरात असताना बाहेर का हिंडायचं?

म्हापशेकार :
हांव गोंयचो, पण लिहितो मराठीत. फक्त लंडन-अमेरिकेचे दाखले का देताय? शिवोलीचा आमचा गायक रेमो फर्नांडिस १९५३ चा. १९८४ साली त्याने ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम घरच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केला, वाद्यंही स्वतःच वाजवली. २००७ ला पद्मश्री, २०२१ ला आत्मचरित्र. त्याच्याबद्दल ‘गाणं केलं’ हेच म्हणावं लागेल, कारण शब्द, चाल, वादन, रेकॉर्डिंग सगळं एकाच माणसाचं. तुमच्या पोरांना शनिवारी हेही दाखवा.

दापोलीकर :
‘ठेवा’ मागे घेतो, पण वरच्या चर्चेत कोणी ‘व्हेटरन’चं बोललं नाही. ‘ज्येष्ठ रॉक वादक’ लिहिणार का?

रत्नांग्रीकर :
ज्येष्ठ म्हटलं की मला एस. टी. आठवते. २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट आहे, त्या हिशेबाने जॅगर, रिचर्ड्स, मॅकार्टनी, डिलन सगळे रत्नागिरी-दापोली तिकिटाशिवाय येतील. ‘बुजुर्ग’ चांगला, ‘जाणते’ त्याहून चांगला. ‘मुरलेले’ राजकारण्यांसाठी ठेवा.

वेंगुर्ल्याचा पेटीवाला :
‘कसलेले’ विसरलात. चार्ली वॉट्ससाठी मी ‘कसलेला’च म्हणेन. १९६३ पासून मरेपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, तो स्टोन्समागे ड्रमवर बसला आणि कधी उगाच दोन टोले जास्त मारले नाहीत. आमच्या पखवाजवाल्यांना हे दाखवायला हवं. बुवा श्वास घेतो तेवढ्यात यांचा तुकडा सुरू.

कुडाळकर :
सगळ्यांचे आभार. ‘केलं’ नक्की. हक्कांचा विषय आला की ‘वारसा’. बाकी ठिकाणी प्रश्नच फिरवतोय. आधी “तुमच्यामागे काय राहील?” असं लिहिलं होतं, पण ते वाचताना ‘त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे’ असं निधनवार्तेतलं वाक्य ऐकू यायला लागलं, आणि समोर पडद्यावर माणूस चांगला हसतोय. म्हणून आता : “तुमच्यानंतर हे कोण चालवेल?”

दापोलीकर :
‘मागे’ आणि ‘नंतर’ यांत एवढा फरक पडतो?

कुडाळकर :
बाबांना दोन्ही वाचून दाखवली. पहिलीला “गेला काय तो?” म्हणाले, दुसरीला काही बोलले नाहीत. माझ्यासाठी तेवढं पुरे. एकच राहिलं : रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी ओळ, तो की ती?

वेंगुर्ल्याचा पेटीवाला :
ओळ ती, चाल ती, तान ती. रिफ तो कसा होईल?

म्हापशेकार :
तुकडा तो, ठेका तो, सूर तो.

कुडाळकर :
क्लासातली पोरं ‘ती रिफ’ म्हणतात, ‘रिफ बसली काय रे तुझी?’ असं विचारतात. तेच लिहितोय. वॉट्ससाठी ‘ड्रमवाला’ लिहिलं होतं ते मात्र पेटीवाले काकांच्या धाकाने ‘ड्रमर’ केलंय.