३५६ ची रेप्लिका घेतली खरी, पण हात लावायला मेकॅनिकच तयार होईना

गोलदिवा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय. लहानपणापासूनचं वेड होतं म्हणून शेवटी पोर्शे ३५६ स्पीडस्टरची रेप्लिका सेकंडहँड घेतली. फायबरची बॉडी, मागे एअरकूल्ड १६०० सीसीचं इंजिन, दोन कार्ब (कार्बोरेटर). दिसायला अशी की सिग्नलला लोक फोन काढतात. पण सुख एवढ्यावरच संपतं. गार असताना पहिल्या झटक्यात चालू होते, वीस-पंचवीस मिनिटं चालवली की स्लोला थांबत नाही, ॲक्सिलरेटर सोडला की बंद, आणि मग परत चालू करायला दहा मिनिटं वाट बघा. त्यात हेडलाइट लावले की इंडिकेटर मंद होतात, ब्रेक दाबला की आणखीनच वेगळं काहीतरी.
एका ठिकाणी नेली, ते म्हणाले ही ओरिजिनल नाही, आम्ही फक्त ओरिजिनलचं काम करतो. दुसरीकडे मुलाने स्कॅनर आणला आणि या जुन्या इंजिनाला नसलेला पोर्ट शोधत डॅशबोर्डखाली अर्धा तास आडवा पडला होता, मला त्याचीच दया आली. तिसऱ्याने दोन्ही कार्ब खोलून साफ केले, गाडी आधीपेक्षा वाईट झाली. आता काय करू? असा मेकॅनिक शोधायचा कुठे आणि त्याला सांगायचं काय?

टॅपेटवाला:
पहिली चूक तुम्ही गॅरेजच्या दारातच करताय राव, पोर्शेचं नाव घेऊन. ते नाव ऐकलं की एक तर समोरचा घाबरतो नाहीतर बिल फुगवतो. तुमच्या गाडीत पोर्शे फक्त दिसण्यापुरती आहे, खालून ती फोक्सवॅगन बीटल आहे. बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४०० मिमी, ३५६ चा २१००, म्हणून असल्या रेप्लिकांमध्ये बहुतेक वेळा बीटलचा पॅन (खालचा सांगाडा) मधून कापून साधारण फूटभर आखूड करतात आणि वर फायबर बसवतात. बीटल २००३ पर्यंत बनत होती, पार्ट्स आजही नवे बनतात. तेव्हा "बीटलचं इंजिन आहे, टॅपेट आणि कार्ब सेटिंग करून द्याल का" एवढंच विचारा (टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट बसवणं), निम्मी गॅरेजं तिथेच हो म्हणतील.
पण त्याआधी घरी बसून गाडीची कुंडली मांडा. पॅन कुठल्या सालचा, इंजिन नंबर काय, पुढे किंगपिन आहे का बॉल जॉइंट, मागे स्विंग ॲक्सल का आयआरएस (हे सगळे सस्पेन्शनचे जुने-नवे प्रकार), ब्रेक ड्रम का डिस्क, कार्ब कुठले, त्यातले पेट्रोलचे जेट किती नंबरचे, स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्यूटर कुठला. रेप्लिकेत एका सालचा पॅन, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याचे ब्रेक असं सर्रास असतं, ज्याने बांधली त्याच्या हाताला जे लागलं ते त्याने लावलं. आणि जे कापून आखूड केलंय तेही लिहून ठेवा, म्हणजे क्लच केबल, हँडब्रेक केबल, गिअरचा रॉड. बीटलची क्लच केबल आणली तर लांब पडते, हे तुटल्यावर रस्त्यात कळण्यापेक्षा एक मापाची करून डिकीत टाका.
मेकॅनिक वयस्कर बघा. कानाने टायमिंग ओळखणारा, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) खिशात ठेवणारा. त्याला एकच प्रश्न विचारा, टॅपेट गार इंजिनवर करणार का गरम? "थोडी चालवून आणा मग करू" म्हणाला की नमस्कार करून निघा. या इंजिनला टॅपेट गारच, तेही रात्रभर उभी असलेली, ॲल्युमिनियमचे स्टॉक पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारे दांडे) असतील तर फट ०.१५ मिमी. आणि ऑइल बदलताना खालच्या जाळीच्या प्लेटचे सहा छोटे नट असतात ते अंगातली ताकद लावून आवळू देऊ नका, केस मॅग्नेशियमची असते, आटे गेले की पुढचा महिनाभर तोच उद्योग.

अर्थिंगताई:
लाइटचं मी सांगते, कारण माझ्याही रेप्लिकेत अगदी हेच होत होतं आणि मी दोन बॅटऱ्या फुकट बदलल्या. पत्र्याच्या गाडीत बॉडी स्वतःच अर्थ असते, दिवा बॉडीला स्क्रू केला की निगेटिव्ह आपोआप मिळतो. फायबरमधून करंट जात नाही! म्हणून प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर पॅनपर्यंत न्यावी लागते. बांधणाऱ्याने कुठेतरी कंटाळा करून चार दिव्यांची अर्थ एकाच बोल्टवर आणलेली असते आणि तो बोल्ट गंजतो. मग करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर नाचतो. एक लांब वायर घ्या, बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट दिव्याच्या अर्थला लावा, झगझगीत झाला तर चोर सापडला. फ्यूज बॉक्सपासून सुरू करू नका, मी तिथेच चार रविवार घालवले.

गोलदिवा:
ताई, तुमचाच बोल्ट! पुढच्या हुडखाली, पाच वायरी एकावर एक आणि वरून कुणीतरी रंग मारलेला. खरवडून नवीन वायरी टाकल्या, लाइट लख्ख. कुंडली मांडायला घेतली, पुढे बॉल जॉइंट आहे, डिस्ट्रिब्यूटरवर व्हॅक्यूमची नळीच नाही, ००९ लिहिलंय. पण गरम झाल्यावर बंद पडणं तसंच आहे. कार्बच खराब असतील का?

टॅपेटवाला:
००९ डिस्ट्रिब्यूटरमध्ये व्हॅक्यूमने टायमिंग पुढे घेणं नसतंच, त्यामुळे हळूच पाय दिला की गाडी क्षणभर अडखळते, पण बंद पडण्याचं कारण तो नाही. दोन कार्ब एकमेकांशी जुळलेले नसतील. ज्याने साफ केले त्याने सिंक्रोनाइज केले का? त्याचं मीटर येतं, दोन्ही कार्बवर ठेवून आत जाणारी हवा सारखी करायची. नुसते स्क्रू फिरवून होत नाही ते.

जुनाहातोडा:
कार्बवर घसरू नका लगेच. टॅपेटवाले, तुमचं बाकी पटलं पण इथे नाही. गार असताना नीट चालते म्हणतायत, सिंक बिघडलं असतं तर सकाळीही धडधडली असती. हे उष्णतेचं दुखणं आहे. रात्री इंजिनचं झाकण उघडा, आत वरून टॉर्च मारा, आणि गाडीखाली बघा. जिथून जमिनीवर उजेड पडतो तिथून खालची गरम हवा वर येते आणि पंखा तीच परत ओढतो. बीटलमध्ये इंजिनभोवती पत्रे आणि कडेने रबर पट्टी असते, वरचा आणि खालचा भाग एकदम वेगळा. रेप्लिकेत फायबरची कड त्या पत्र्याला नीट भिडत नाही आणि पट्टी तर बऱ्याचदा नसतेच. मग पेट्रोल कार्बमध्येच उकळतं.
हे करताना पेट्रोलची प्रत्येक नळी हाताने वाकवून बघा. चिरा दिसल्या तर आजच्या आज बदला, क्लिप सगळीकडे, आणि फिल्टर इंजिनच्या वर लटकत असेल तर तिथून काढा. मॅग्नेशियम पेटलं की पाण्याने विझत नाही आणि फायबर तर जळतच जातं. फायर एक्स्टिंग्विशर सीटजवळ ठेवा, डिकीत नको.
अजून एक, चालवताना जनरेटरचा लाल दिवा लागला तर "घरी जाऊन बघू" करायचं नाही, जागच्या जागी बंद. पंखा जनरेटरच्याच शाफ्टवर असतो, बेल्ट तुटला म्हणजे नुसतं चार्जिंग नाही, कूलिंगही गेलं. स्पेअर बेल्ट आणि पुलीचा पाना गाडीत हवाच.

गोलदिवा:
टॉर्च मारली. जमिनीवर चांदण्या पडल्या हो! डाव्या बाजूला तर अख्खी बोटं जातील एवढी फट. एक म्हातारे मेकॅनिक सापडले, बीटल म्हटल्यावर हसले आणि म्हणाले गार झाली की बोलवा. त्यांनी पत्र्याची पट्टी कापून रबर बसवलं, चारही नळ्या बदलल्या, आणि मग टॅपेट आणि सिंकही केलं (तेही बिघडलेलं होतंच, म्हणजे दोघेही बरोबर). काल तासभर फिरवली, सिग्नलला तीन मिनिटं स्लोला उभी, हूं की चूं नाही.
आता फक्त स्पीडोमीटरचा काटा, चाळीसपर्यंत जातो आणि मध्येच शून्यावर पडतो.

जुनाहातोडा:
डाव्या पुढच्या चाकाची ग्रीस कॅप बघा. केबलचं चौकोनी टोक त्या कॅपच्या भोकातून बाहेर येतं आणि तिथे एक छोटी पिन असते. नव्वद टक्के ती पिन गेलेली असणार.

गोलदिवा:
गेलीय.