विषय: पायाची दुरुस्ती झाली, आता पावसाळ्याआधी काय?

मंडळी, नमस्कार.
पुण्यात आईबाबांच्या बैठ्या घराच्या एका कोपऱ्याला अंडरपिनिंग (जुन्या पायाखाली नवा आधार) झालंय. ठेकेदार भिंतीच्या भेगा भरून लगेच रंग द्यायचा म्हणतोय. देऊ दे का? फोनवरून बाबांना काय बघायला सांगू?

———
उत्तर:
रंग थांबवा. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, एप्रिल-मेमध्ये आकसते. नवा आधार आणि जुना पाया जुळून यायला एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्या. तोवर भेगेला बाहेरून लवचीक सीलंट, बस्स. कडक सिमेंट भरलं तर शेजारी नवी भेग उमटते.

खरं काम भिंतीबाहेर आहे. कडेची काळी माती ३०० मिमी खोलीपर्यंत काढून मुरूम भरा, १५० मिमीच्या थरांत, पाणी मारून धुम्मस करून. त्यावर १०० मिमी काँक्रीटचं प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे घराच्या कडेने पाणी दूर नेणारा पट्टा, रुंदी निदान १ मीटर. उतार भिंतीपासून बाहेर, मीटरला २५ मिमी. गवंडी डोळ्याने उतार काढतात. लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावायला सांगा, नाहीतर पाणी भिंतीकडेच वळतं. भिंत आणि काँक्रीट यांत १२ मिमी फट ठेवून ती डांबर-वाळूने भरा. गच्चीचे पाइप तिथेच सोडू नका, गटारापर्यंत न्या.

कुंड्या, बाग एकाच बाजूला असली की तेवढीच माती ओली राहते आणि घर वाकडं बसतं.

———
उत्तर:
वरच्या उत्तरातल्या काकांच्या मेलला जोड. जमिनीखालची टाकी तपासा: रात्री पाणी येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून पातळीवर खूण, सकाळी बघा. २ × १.५ मीटरच्या टाकीत १० मिमी उतरलं म्हणजे ३० लिटर मुरलं, तेही पायाशेजारी.

भेगेवर काचपट्टी लावतात, पण ती तुटली की हललं एवढंच कळतं, किती ते नाही. त्यापेक्षा भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक खिळे, अंतर १०० मिमी. दर महिन्याला व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या मोजपट्टीने) मोजून तारखेसह फोटो मागवा. पावसाळ्यात मिटून उन्हाळ्यात उघडणारी भेग मातीची. दोन्ही ऋतूंत वाढतच जाणारी दिसली तर ठेकेदाराला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आणि खोदकामात वाळवीचा जुना औषधथर तुटलेला असतो. प्लिंथ प्रोटेक्शन घालण्याआधीच फवारून घ्या. नंतर ३०० मिमी अंतरावर काँक्रीटला भोकं पाडत बसावं लागतं.